भरवशाचा जमाखर्च

1917 साली नारायण वामन टिळक साताऱ्यात राहायला आले. वय पंचावन्न उलटलेले. फुलांमुलांचे कवी म्हणून नाव झालेले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी पानांवरून घरोघर पोचलेले. अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीत बावीस वर्षे गेली होती. ती चाकरी, आणि तिच्याबरोबर दर महिन्याला ठरल्या तारखेला हातात पडणारा पगार, त्यांनी सोडून दिला होता. यापुढे चाकरी कुठल्या संस्थेची नाही, थेट ख्रिस्ताची. अंगावर संन्याशाचा वेश आणि मनात ‘देवाचा दरबार’ नावाची एक कल्पना घेऊन ते अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या या गावात आले.

घरात पगार येणे थांबले, की ते आधी कळते वाण्याला. त्याच्याही आधी चुलीपुढे बसलेल्या बाईला.

देवावर भरवसा ठेवणाऱ्याची टर उडवायला मराठीत म्हण तयारच आहे: असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी. आणि ज्या घरात ही म्हण ऐकवली जाते, त्याच घरात तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसून ‘देव तारी त्याला कोण मारी’ असेही म्हटले जाते. भाषा दोन्ही सांभाळते. कुठली केव्हा काढायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

सातारा-सांगलीच्या मातीत मात्र पहिल्या म्हणीचेच वजन अधिक. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या ओसाड माळावर, निवडुंग तोडून, कारखान्याची वसाहत वसवली आणि लोखंडी नांगर घडवायला घेतले. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. स्वावलंबी शिक्षण हेच तिचे ब्रीद. वसतिगृहातल्या पोरांनी स्वयंपाक स्वतः करायचा, शेतात राबायचे आणि शिकायचे. इथला माणूस आपल्या मनगटाकडे बघून बोलतो. त्याला कुणी म्हणावे की बाबा, स्वतःवर भिस्त ठेवू नकोस, तर तो आधी बोलणाऱ्याच्या हाताला घट्टे आहेत का, ते बघेल.

गंमत अशी, की ज्याच्या पत्रातून ही शिकवण ख्रिस्ती माणसापर्यंत आली, त्या पौलाच्या हाताला घट्टे होते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच तो आशिया प्रांतात आपल्यावर गुदरलेल्या संकटाबद्दल सांगतो. संकट असे, की जगण्याचीही आशा सुटली. मागे वळून पाहताना त्याला वाटते, की हे घडले ते आपण स्वतःवर विसंबू नये, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर विसंबावे म्हणून. आणि हाच पौल तंबू तयार करायचा धंदा करून पोट भरत होता; मंडळीवर आपला भार पडू नये, याची त्याला चिंता असे. म्हणजे हात चालू होते. सुटला होता तो, सगळे या हातांनीच तरेल, हा हिशोब.

टिळकांचा भरवसा कुठून आला, याची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा कवितेच्या झाल्या, मग धर्माच्या. उतरण्यापूर्वी त्याने ‘नव्या करारा’ची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाचे नाव त्यांना कधीच कळले नाही.

पण साताऱ्याच्या टिळकांना समजून घ्यायला आगगाडीपेक्षा मिशनची खतावणी अधिक उपयोगाची. त्या काळात मराठी ख्रिस्ती मंडळी बऱ्याच अंशी परदेशी पैशावर उभी होती. पाळकाचा पगार तिकडून, शाळेचे छप्पर तिकडून, पुस्तकांची छपाई तिकडून. भक्तीची चालसुद्धा तिकडचीच. टिळकांना हे सलत असे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे सांगणारा हा माणूस. त्याने ख्रिस्ताला अभंगात आणले, कीर्तनात उभे केले, टाळाची साथ दिली. ‘उपासना संगीत’ उघडून रविवारी गाणाऱ्या मराठी मंडळीत त्यांची गीते आजही आहेत. देवाच्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, हा बेत होता. त्या काळच्या चर्चला आणि त्या काळच्या हिंदू समाजालाही तो सारखाच अवघड.

तेव्हा पगार सोडणे हा निव्वळ वैराग्याचा झटका नव्हता. टिळकांचा देवावरचा भरवसा आणि भाऊरावांचे स्वावलंबन वरून परस्परविरुद्ध वाटतात, पण दोघांच्या तळाशी एकच हट्ट आहे: दुसऱ्याच्या तिजोरीकडे बघून जगायचे नाही. फरक एवढाच, की एकाने दुसऱ्या बाजूला आपले मनगट ठेवले आणि दुसऱ्याने परमेश्वर. दोघेही साताऱ्याचे म्हणून शोभतात.

आता चुलीकडे वळायला हवे.

ज्याने टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत, त्याला टिळकांच्या घरात पैसा किती टिकत असे, हे सांगायला नको. आला तसा जाई. कुणाच्या औषधाला, कुणाच्या फीला, कुणी दारात येऊन रडला म्हणून. आश्रयाला आलेली माणसे तर घरात कायमचीच. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याकडेच राहिले होते. लक्ष्मीबाई हे सगळे सांगताना चिडतात, हसतात, नवऱ्याची फजिती चवीने रंगवतात, आणि तरी त्याच्या मोठेपणाला कुठे धक्का लागू देत नाहीत. टिळकांनी सगळा भार देवावर टाकला आणि निर्धास्त झाले, हे खरे. पण तो भार देवाकडे जाताना वाटेत लक्ष्मीबाईंच्या खांद्यावर थांबत असे, हेही तितकेच खरे. देव पुरवील, असे म्हणणारा एक आणि पुरवलेले पुरवून पुरवून वापरणारी दुसरी, असे बहुतेक श्रद्धाळू घरांतले वाटप असते. संतचरित्रांत पहिल्याचे नाव येते. लक्ष्मीबाईंना लिहिता आले म्हणून इथे दुसरीचेही आले.

त्यांची स्वतःची श्रद्धाही उसनी नव्हती. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या त्याच्यामागून गेल्या नाहीत. माहेरच्या आधाराने, सोवळ्याओवळ्यासह, वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही घरात वेगळी चूल, वेगळे पाणी. ते एकेक करून सुटत गेले, आणि 1900 साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे देवाशी आणि नवऱ्याशी एकाच वेळी भांडून मिळवलेला भरवसा होता तो. असा भरवसा वाण्याच्या उधारीने सहसा डगमगत नाही.

साताऱ्याहून रेल्वेने दक्षिणेला निघाले, की मिरज लागते. इथे त्याच काळात भरवशाचा दुसरा एक प्रकार चालू होता, कार्बोलिकच्या वासाचा.

मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस 1889 च्या अखेरीस सांगलीत आले. तिथून मिरजेला. 1894 साली त्यांचे रुग्णालय उभे राहिले. पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी, जे रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे एक मालक होते. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे इंजिनवाल्याचा पैसा बरोबर ठिकाणी पडला, असे म्हणायला हरकत नाही. गाड्या भरून रोगी येत. त्यांत मोतीबिंदूवाले पुष्कळ.

त्या वेळची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे आणून पाहावी. रोगी शुद्धीवर असतो. डोळ्यात कोकेनचे थेंब घातलेले, बुबुळ बधिर. आयुष्यभर नांगर धरलेला एखादा म्हातारा, ज्याने न्हाव्याखेरीज कुणाला आपल्या चेहऱ्याजवळ पाते आणू दिलेले नाही, तो उताणा निजला आहे. डॉक्टरने हात घासून घासून धुतले आहेत, हत्यारे उकळून ठेवली आहेत. मग सगळे थांबते. डॉक्टर डोळे मिटतो आणि प्रार्थना करतो. शस्त्रक्रियेआधीची प्रार्थना हा मिशन दवाखान्यांचा रिवाज होता, मिरजेतही तो पाळला जाई. म्हाताऱ्याला ती ऐकू येते. देव कुठला, हे तो त्या घडीला विचारत नसावा. मग पाते चालते, काही मिनिटांत गढूळ झालेले भिंग बाहेर येते आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बसते. खरी परीक्षा त्यानंतर. शिवून टाकलेले फारसे काही नाही. जखम आपोआप मिटायची. म्हणून डोके हलू नये अशी दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्यांची टेकणे, खोकायचे नाही, कुशीवर वळायचे नाही. असे कित्येक दिवस. दुसऱ्याने भरवले तर खायचे. ज्याला सगळे स्वतः करायची सवय, त्याने काहीच न करता अंधारात पडून राहायचे.

प्रार्थना करून हात न धुणारा डॉक्टर मिरजेला चार महिनेही टिकला नसता. आणि पट्टी सोडून बघण्याची घाई करणारा रोगी डोळा गमावून बसत असे. वॉन्लेसनी नुसती प्रार्थना शिकवली नाही. 1897 पासून इथल्या मुलांना वैद्यकी शिकवायला घेतली, म्हणजे आपण गेल्यावर काम आपल्यावाचून अडू नये. स्वतःवर विसंबू नये, या उपदेशाचा याहून व्यवहारी अर्थ सापडणे कठीण. अनेक धर्मोपदेशकांना तो साधत नाही. गादी सोडवत नाही.

सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे. क्षयरोग्यांचे आरोग्यधाम तिथे होते. स्ट्रेप्टोमायसिन सापडायच्या आधीच्या काळात क्षयावर औषध म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी आणि विश्रांती. महिनोन् महिने खाटेवर. त्या म्हणीतले खाटले इथे खरोखरीचे होते, आणि त्यावर पडलेल्याची टर उडवण्याची कुणाची छाती नव्हती. देव आणि दवाखाना दोन्हींवर भरवसा ठेवणे मिरजेच्या लोकांना नवीनही नव्हते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात नवस बोलायचा आणि मिशनच्या दवाखान्यात चिठ्ठी काढायची, यात गावाला विसंगती दिसली नाही. 

अलीकडे प्रार्थनासभांतून साक्षी ऐकू येतात: प्रार्थना केली आणि नोकरी लागली, प्रार्थना केली आणि प्लॉटचा दावा जिंकलो. सांगणाऱ्याचा आनंद खोटा नसतो. पण पौलाच्या पत्रातला भरवसा संकट टळले म्हणून आलेला नाही. तो संकटाच्या तळाशी, आता आपले काही चालत नाही, हे कळल्यावर आलेला आहे. दावा हरलेल्याची साक्ष कुणी घेत नाही. ती घेतली, तर सभा लांबेल, पण ऐकण्यासारखी होईल.

साताऱ्याच्या दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. 5 मे 1918 रोजी बालकवी जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली सापडून गेले. वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, टिळक मुंबईत वारले. त्यांच्यामागे दरबार उभा राहिला नाही. जमाखर्च मांडणारा म्हणेल, बेत फसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात काल्याला ‘रयत’ सुरू झाली आणि वाढत गेली. 1924 साली भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली, आणि तिथेही शिधा संपण्याची वेळ आली. तेव्हा मनगटावर भरवसा ठेवणाऱ्या त्या माणसाच्या घरातही चुलीजवळ एक बाई होती. तिने अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. तिचे नावही लक्ष्मीबाईच.

टिळकांनी मागे एक अपुरे काम ठेवले होते: ‘ख्रिस्तायन’, ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र. सुरुवातीचे मोजके अध्याय त्यांचे आहेत. बाकीचे, म्हणजे जवळजवळ सगळे, लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या.