सेकंड शिफ्टनंतर पेंटाग्राम

विशाल ददलानी म्हटलं की लोकांना विशाल-शेखर आठवतात, हिंदी सिनेमाची गाणी. मला मुंबईचा पेंटाग्राम आठवतो. ‘वी आर नॉट लिसनिंग’ (१९९६) हा नुसता गिटारचा कल्ला. खरी गंमत ‘अप’पासून, म्हणजे २००२ पासून. तिथे रँडॉल्फ कोरेयाच्या गिटारसोबत इलेक्ट्रॉनिक्स घुसलं.

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे. आठ तास कानात बोळे आणि तरी छातीत ठोका. आई म्हणते, “घरी आल्यावर तरी काहीतरी शांत ऐक रे.” नाही जमत. शांततेत तो ठोका जास्तच ऐकू येतो.

‘अप’मध्येही मशीनचा ठोका आहेच. पण त्यावर शिराझ भट्टाचार्य हाताने ड्रम वाजवतो, आणि विशाल गळा फाडून गातो. आमच्याकडे मशीनपुढे ओरडलं तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. इथे माणसाचा आवाज वर राहतो. मला एवढंच हवं असतं.

‘ब्लडीवूड’ २०११चा. नावातच बॉलिवूडला चिमटा, तोही तिथेच पोट भरणाऱ्या माणसाचा! पुढचा अल्बम काही आला नाही. कंपनीच्या बसमध्ये तळवड्यापासून निगडीपर्यंत तेच चार फिरवतो. शेजारचा पोरगा परवा एक इअरफोन मागून बसला. अजून परत दिलेला नाही.