अब्बांच्या गाडीची काच

जुन्या गाडीची पुढची काच बदलायची आहे असं सांगितलं की समोरचा माणूस काचेची नाही, गाडीची किंमत विचारतो. एप्रिल २०२४ मध्ये आठ दिवसांत मला हा अनुभव पाच-सहा वेळा आला. शाळेतले सहकारी म्हणाले, "मॅडम, काढून टाका आता." शेजारच्या दुकानदारानं भंगारवाल्याचा नंबर दिला. भंगारवाल्यानं गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि वीस हजार सांगितले. सगळ्यांचा हिशेब एकच होता. वीस हजारांच्या गाडीवर कुणी खर्च करतं का?

गाडी मारुती ८००, पांढरी, मे २००९ ची. अब्बा त्या वर्षी एसटीतून निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी ती रोखीनं घेतली. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याची गाडी चालवली होती. घरी आणल्यावर पहिला महिनाभर ती नुसती पुसली जायची. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, बाजार समितीच्या रिकाम्या मैदानात, आणि तेही एसटीच्या पद्धतीनं. वळताना हात बाहेर, घाटात इंजिन ब्रेक, आणि हॉर्न म्हणजे शिवी नाही. ते जाऊन आता पाच वर्षं झाली. गाडी मी चालवते. आठवड्यातून दोनदा अम्मीला तासगावहून मिरजेला डायलिसिसला न्यायचं हे तिचं मुख्य काम. बाकी शाळा, बाजार, कुणाचं लग्न.

काच गेली ती सांगलीच्या अलीकडे. पुढं खडीचा डंपर होता, वर ताडपत्री नव्हती. खड्ड्यात त्याचं चाक आदळलं आणि एक खडा उडून काचेवर बसला. टक् असा आवाज झाला, बंदुकीसारखा नाही, करंगळीच्या नखानं भांड्यावर मारावं तसा. अम्मी डोळे मिटून बसली होती. दचकून उठली आणि तिचा पहिला प्रश्न होता, "कोन मारा?"

"कोई नै अम्मी, खडी उडी."

तिला पटायला थोडा वेळ लागला. तिनं मागं वळून पाहिलं, मग दोन्ही बाजूंना पाहिलं. मी यावर पुढं बराच विचार केला. एसटी ड्रायव्हरच्या बायकोचा तो प्रश्न होता. बंद कुणाचाही असो, मागणी कसलीही असो, पहिला दगड एसटीच्या काचेवर पडतो हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. अब्बा ड्युटीवरून घरी आले की काही वेळा अम्मी त्यांचा खाकी शर्ट अंगणात झटकायची, कारण खिडकीच्या काचेचा चुरा खिशात नि कॉलरमध्ये अडकलेला असायचा. त्यांना एकदा कपाळावर तीन टाके पडले होते. दगड कुणी मारला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. "पोरं होती" एवढंच म्हणायचे. ज्यांनी मारला त्यांना ड्रायव्हरचं नाव माहीत नव्हतं, हे मात्र ते आवर्जून सांगत. एसटी होती म्हणून मारला. बंद हिंदू संघटनेचा असो, मुसलमानांचा असो, उसाच्या दराचा असो, दगडाला त्यातलं काही कळत नाही. पण अम्मीनं "कोन मारा" विचारताना दोन्ही बाजूंना पाहिलं, ते फक्त एसटीच्या आठवणीनं होतं असं मला वाटत नाही. दिवसच तसे आहेत. काचेवर काय चिकटवलं आहे हे तिला माहीत होतं. त्याविषयी पुढं.

काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका पडला होता, त्याला बारीक पाय फुटलेले. गाडीची पुढची काच एकसंध नसते. दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबून बसवलेला असतो. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेतली बाटली खाली पडली, ती तडकली पण विखुरली नाही, कारण आतून सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. त्यावरून त्याला ही काच सुचली आणि १९०९ मध्ये त्यानं पेटंट घेतलं, अशी गोष्ट सांगतात. खिडक्यांची काच वेगळी. ती तापवून झपकन थंड केलेली, टफन्ड असते आणि फुटली की तिचा गोटीदार चुरा होतो. अब्बांच्या शर्टातला चुरा तो. पुढची काच तशी असती तर एका खड्यानं समोरचा सगळा रस्ता दिसेनासा झाला असता. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० नुसार पुढची काच लॅमिनेटेडच लागते.

ठिपका लहान असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर त्यात रेझिन भरून तो थांबवता येतो. तासगावातल्या गॅरेजवाल्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी ये म्हणून सांगितलं. पण एप्रिलचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांत काचेनं वाट पाहिली नाही. सकाळी कव्हर काढलं तर अम्मीच्या बाजूनं निघालेली भेग नागमोडी होत पार वायपरच्या वरपर्यंत आली होती. आतून बोट फिरवलं तर काच गुळगुळीत लागत होती, म्हणजे फक्त बाहेरचा थर गेला होता. गाडी चालवता येत होती, पण समोरून दिवे आले की ती भेग पेटल्यासारखी चमकायची. रेझिनचा विषय संपला.

त्यात मुदतीचा प्रश्न होता. गाडीच्या आरसीची पंधरा वर्षं मे महिन्यात पूर्ण होत होती. त्यानंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. ही फी पूर्वी सहाशे रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. तडकलेली काच घेऊन तपासणीला जाण्यात अर्थ नव्हता. म्हणजे एकतर काच बदलायची किंवा गाडी सोडायची, आणि तेही महिन्याभरात.

विम्याचं विचारलं. ज्यांच्या गाडीचा पूर्ण विमा आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. गाडीच्या बाकीच्या भागांना वयाप्रमाणे घसारा कापतात, रबर आणि प्लॅस्टिकला तर पन्नास टक्के, पण काचेला घसारा लागत नाही. मात्र दावा केला की नो क्लेम बोनस जातो, तेव्हा दोन्ही आकडे मांडून बघा. आमच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा आहे. पंधरा वर्षांच्या गाडीला बहुतेक लोक तोच घेतात. त्यात स्वतःच्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही.

आता हिशेब. काच, नवीन रबर आणि मजुरी धरून साडेतीन हजार. अम्मीला मिरजेला नेऊन, चार तास थांबून परत आणायला भाड्याची गाडी एका खेपेला दीड हजार मागते. आठवड्याला दोन खेपा. वीस हजारांचं भंगार सात आठवड्यांतही पुरलं नसतं. हा हिशेब मी स्टाफरूममध्ये फळ्यावर मांडल्यासारखा सांगितला, तेव्हा कुठं "काढून टाका" थांबलं.

काचवाले मिरजेत गाठले. डायलिसिसचे चार तास मोकळे मिळतात, त्यात काम उरकावं असा बेत. मिरज म्हटलं की लोकांना दवाखाने आठवतात किंवा सतारी. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी इथं सतारी बनवायला सुरुवात केली आणि दीड शतकाहून जास्त काळ ते काम चालू आहे. काच बसवणाऱ्याचं कुणी कौतुक लिहीत नाही. मी ज्यांच्याकडे गेले ते साठीचे चाचा, सोबत त्यांचा मुलगा. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, भिंतीला जुन्या गाद्या टेकवून त्यांवर उभ्या ठेवलेल्या काचा. मारुती ८०० ची काच होती. गाडीचं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला बंद झालं, पण देशात पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या आहेत, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात.

चाचांनी आधी काचेचा कोपरा दाखवला. "मॅडम, हे बघून घ्या. आयएसआयची खूण, लॅमिनेटेड लिहिलेलं. स्वस्तातली घेतली तर लहरी दिसतात, डोकं दुखतं." मग काच उभी धरून तिच्यातून समोरची विटांची भिंत बघायला लावली. विटांच्या रेषा सरळ दिसल्या पाहिजेत. ही परीक्षा कुणीही करू शकतो, जरूर करा.

नव्या गाड्यांची काच गोंदानं चिकटवलेली असते. ती काढायला तार लागते, आणि बसवल्यावर गोंद धरेपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. आमच्या गाडीची काच जुन्या पद्धतीची, रबराच्या बिडिंगमध्ये बसलेली. चाचांनी ब्लेडनं रबराची बाहेरची कड कापत नेली आणि आतून मुलानं तळव्यांनी रेटल्यावर काच अख्खी बाहेर आली. तेव्हा खरं दुखणं दिसलं. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, रबराखाली, पत्र्याची कड गंजून पापड झाली होती. डाव्या कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक. पावसाळ्यात अम्मीच्या पायाखालची मॅट का ओली व्हायची ते आता कळलं. मी दरवाजाच्या रबराला दोष देत होते, आणि दोन वेळा बदललंही होतं.

मुलगा म्हणाला, वरून फिलर मारून काच बसवून टाकू, तासाभरात होईल. चाचांनी मान हलवली. "गंजावर काच बसवली तर पत्रा रबराला धरत नाही. दोन पावसाळ्यांनी परत येशील, तेव्हा काचही हलत असेल." मग त्यांनी मला विचारलं, गाडी कुणाची? मी सांगितलं, अब्बांची, एसटीत होते, तासगाव डेपो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर "मॅडम" गेलं आणि "बेटी" आलं. त्यांनी एसटीच्या काचाही बसवल्या होत्या. "बंदनंतर आठ-आठ दिवस घरी जायचो नाही आम्ही," म्हणाले. त्यांचं पोट त्या दगडांवर चाललं हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही, आणि ते त्यांनाही दिसलं.

काम त्या दिवशी झालं नाही. गंज खरवडला, शेजारच्या वेल्डरनं छोटा पत्रा जोडला, पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड लावलं. ते वाळायला रात्र लागणार होती. डायलिसिस संपल्यावर अम्मीला उभं राहायची ताकद नसते. तिला रिक्षानं खालाच्या घरी नेलं, आम्ही दोघी तिथंच राहिलो. त्या एका रात्रीत गाडी नसली तर काय होईल याचा पुरता अंदाज आला.

सकाळी काच बसवताना मी शेवटपर्यंत उभी होते. नवीन रबर आधी काचेला चढवतात. रबराच्या दुसऱ्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी घालतात, तिची दोन्ही टोकं आत सोडतात. कडेला साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवतात. मग एकजण बाहेरून तळव्यांनी दाबतो आणि दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघेल तसतशी रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवर उलटून बसत जाते. चाचा आत बसले होते, मुलगा बाहेर. "दाब. थांब. दाब." एवढेच शब्द. दहा मिनिटांत काच बसली. नंतर दोन बादल्या पाणी ओतलं आणि आत कागद फिरवून बघितलं. कोरडा. वेल्डिंग धरून साडेचार हजार झाले. चाचांनी वेल्डिंगचे जास्त घेतले नाहीत.

जुन्या काचेवर तीन गोष्टी होत्या. फास्टॅग, तो काढताना फाटतोच, नवीन घ्यावा लागला. माझ्या शाळेचं पार्किंगचं स्टिकर. आणि वरच्या मधोमध अब्बांनी २००९ मध्ये रेडियमच्या दुकानातून कापून आणलेला हिरवा ७८६. तो निघाला नाही, काचेबरोबर गेला.

नवीन लावायचा का, यावर घरात चार दिवस बोलणं चाललं. भाचा पुण्याला असतो, अधूनमधून गाडी नेतो. त्याचं म्हणणं सरळ होतं, "खाला, नको लावू. हायवेला रात्री कुठं थांबलो तर उगाच कुणाच्या डोळ्यांत कशाला?" तो घाबरट नाही. त्याच्या मित्राच्या गाडीला एकदा अडवून नाव विचारलं होतं, तेवढ्यावरच सुटलं. अम्मी म्हणाली, "तेरे नाना लगाए तब कोई नै पूछा." मला दोघांचंही खरं वाटलं. आमच्या रस्त्यावर पुढच्या काचेवर गणपती, साईबाबा, 'आई तुझा आशीर्वाद' लावलेल्या गाड्या रोज भेटतात आणि त्या बघून मला कधी भीती वाटली नाही. अब्बांनी लावलेला आकडाही तसाच होता, घरातून निघताना म्हणायची गोष्ट काचेवर लिहिलेली. तो लावताना भीती वाटावी याचा मला राग येतो, आणि भाच्याला सांगायला माझ्याकडे उत्तर नसतं.

अखेर अम्मीनंच रेडियमवाल्याकडून एक छोटा कापून घेतला. तो काचेला लावला नाही. तिच्या बाजूच्या सन व्हायझरच्या आतल्या बाजूला लावला आहे. ती बसली की व्हायझर खाली करते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी आरटीओत नेली. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे, हॉर्न, टायर बघितले, वायपर चालवायला सांगितला, काचेकडे एकदा नजर टाकली आणि सही केली. नोंदणी २०२९ पर्यंत वाढली. चाचांनी जाताना बजावलं होतं की मागच्या काचेचं रबरही कडक झालंय, जूनच्या आत आणून दाखव. पुढच्या डायलिसिसच्या दिवशी नेणार आहे.