चालत्या सर्व्हरवर चढताना

चालत्या एस.टी.त चढू नये हे आपल्याला लहानपणापासून सांगतात, आणि तरी सी.बी.एस.वर आपण चढतोच. मीही चढलो. फक्त एस.टी.त नाही, सर्व्हरवर. आणि गारगोटीची म्हणून धरलेली गाडी गगनबावड्याची निघाली!

गोष्ट सप्टेंबर २०२४ ची. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून मी आणि माझ्या पार्टनरने होस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारं अॅप्लिकेशन केलं होतं. जावा, वाइल्डफ्लाय सर्व्हर, मायएसक्यूएल. खाडे टाकायचे, महिनाअखेरीला बिल तयार. १ तारखेपासून ते लॅबमधल्या एका मशीनवर चालू होतं आणि मेसच्या मामांची खाड्यांची वही आम्हीच आग्रह करून बंद करायला लावली होती. "मामा, आता कशाला वही?" असं अगदी रुबाबात.

आता टेस्टिंगचं. खाड्याची सूट काढणारा आमचा क्लास सर्व्हरच्या जिवावर जगतो. डेटाबेसचं कनेक्शन, ट्रान्झॅक्शन, सगळं सर्व्हर पुरवतो. बाहेर काढून टेस्ट केली तर हातात नल. म्हणजे टेस्टनेच सर्व्हरच्या आत जायला हवं. आमच्या सरांच्या विद्यार्थिदशेत यासाठी जकार्ता कॅक्टस होतं (अपाचेने ते २०११ मध्ये बंद केलं). आम्ही आर्किलियन वापरलं. ते टेस्ट आणि लागणारे क्लासेस एका छोट्या वॉर फाइलमध्ये बांधतं, सर्व्हरवर चढवतं, आत टेस्ट चालवतं, निकाल बाहेर आणतं आणि ती फाइल पुन्हा काढून टाकतं.

यात एक प्रकार 'मॅनेज्ड'. सर्व्हर आर्किलियनच चालू करतं, आर्किलियनच बंद करतं. सुरक्षित, पण माझ्या चार जीबीच्या लॅपटॉपवर सर्व्हर उठायलाच चाळीस सेकंद. एका सेकंदाच्या टेस्टसाठी चाळीस सेकंदांचा मुहूर्त! दुसरा प्रकार 'रिमोट'. सर्व्हर आधीच चालू असतो, टेस्ट नुसती जाऊन येते.

त्या रात्री चार्जर गेला म्हणून लॅबमध्ये बसलो. रन केलं तर लाल अक्षरं. मतितार्थ असा, की सर्व्हर आधीच चालू आहे. चुकीच्या सर्व्हरला जोडलं जाऊन नुकसान होऊ शकतं म्हणून मॅनेज्ड प्रकारात आम्ही चालू सर्व्हरला जोडत नाही. तरीही जोडायचंच असेल तर अमुक सेटिंग ट्रू करा. मी काय वाचलं? फक्त शेवटचं वाक्य. पार्टनर टेस्टिंगची कॉपी चालू ठेवून गेला असेल, मेसचं खरं अॅप्लिकेशन शेजारच्या मशीनवर आहे, अशी माझी समजूत. त्याने ते आठवड्यापूर्वीच या मशीनवर हलवलं होतं. मला सांगितलंही होतं म्हणे.

ट्रू केलं. नाद खुळा! चौदाच्या चौदा टेस्ट हिरव्या, तेही काही सेकंदांत. खूश होऊन झोपलो.

प्रत्येक टेस्टच्या आधी खाड्यांचं टेबल रिकामं करायचं, असं मीच लिहून ठेवलं होतं. माझ्या कॉपीत डेटासोर्सचं जे नाव, तेच खऱ्या सर्व्हरवर. आर्किलियनने आपली वॉर फाइल इमानदारीत काढून नेली, पाहुण्याने जेवून ताटसुद्धा धुऊन ठेवावं तशी. डेटाबेसमध्ये काय झालं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

सकाळी मामा दारात. "काय रं इंजिनिअर, पोरांचं खाडं कुठं गेलं?"

एकोणीस दिवसांचे खाडे, त्यात गौरी-गणपती. निम्मं होस्टेल गावाला जाऊन आलेलं. बॅकअप? तो 'करायच्या गोष्टीं'च्या यादीत होता. चंदगडकडचा एक मित्र आठ दिवस घरी होता. त्या आठ दिवसांच्या सुटीवर त्याचं पुढच्या महिन्याचं गणित. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी वॉचमनकाकांचं गेटचं रजिस्टर कामी आलं. दोन रात्री ते उतरवून काढलं, मग खोलीखोलीत जाऊन पडताळलं. जे भिंतीवरून गेले होते त्यांची नोंदच नाही! त्यांचा शब्द मानला. तीन खाडे जास्त लागले असा मामांना आजही संशय आहे. मलाही आहे.

टेस्ट आम्ही अजूनही चालू सर्व्हरवरच चालवतो, कारण चाळीस सेकंद ते चाळीस सेकंदच. पण उघड 'रिमोट' म्हणून, आणि वेगळ्या सर्व्हरवर. पोर्ट ऑफसेट १०० दिलाय, म्हणजे मॅनेजमेंटचा पोर्ट ९९९० ऐवजी १००९०. डेटाबेस वेगळा, त्याचा युजरही वेगळा. त्या युजरला मेसच्या टेबलांवर हक्कच नाही. टेबल रिकामं करण्याआधी डेटाबेसचं नाव तपासलं जातं, जुळलं नाही तर सगळं तिथेच थांबतं. शक्य तिथे टेस्टनंतर ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं. ते 'ट्रू' मात्र मी स्वतः खोडलं.

मामांनी दुसऱ्याच दिवशी वही पुन्हा उघडली. महिनाअखेरीला ते एकेक आकडा वाचतात, मी स्क्रीनवर बघून "बरोबर" म्हणतो. मागच्या महिन्यात एक चुकला. वहीतला होता. मी हळूच सांगितला, मामांनी खोडरबर मागितला.