पेनाला हवा लागते

आत्याचं पार्कर ५१ भरलं की दोन ओळी झकास लिहायचं, तिसरीत फिकं पडायचं आणि चौथीला ठक्क कोरडं. जरा वेळ ठेवून दिलं, की पुन्हा दोन ओळी. अशा वेळी लोक पेन झटकतात, निब कागदावर दाबून रेघोट्या मारतात आणि तिची टोकं फाकवून बसतात. कृपा करून असं करू नका. नीट सुरू होऊन मग अडणाऱ्या पेनाची निब बहुतेक वेळा चांगलीच असते. त्याला हवा कमी पडत असते.

जेवढी शाई बाहेर, तेवढी हवा आत. हा हिशेब चुकला की शाई आतच ओढून धरली जाते. वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते निबेखालच्या जिभेचं, आणि तिच्यातल्या बारीक चिरांनी हाच हिशेब सांभाळला. १९४१ साली बाजारात आलेल्या ५१ मध्ये ही व्यवस्था फारच नाजूक आहे. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, आणि तिच्याभोवती माशाच्या कल्ल्यांसारख्या पातळ चकत्यांचा एक तुकडा, कलेक्टर. जास्तीची शाई त्या फटींत थांबते, म्हणून पेन गळत नाही. फटी बुजल्या, की शाईची आणि हवेची वाट एकदमच अडते.

पेन भरायची पट्टी दाबून पाणी आत-बाहेर केलं. आधी निळं आलं, मग स्वच्छ. तरी लिहिताना अडणं तसंच. शेवटी विचारलं, "आत्या, तू यात शाई कुठली भरायचीस?"

"शाळेतली रे. मस्टरला निळीकाळी लागायची, तीच."

तिथे उलगडा झाला. जुन्या निळ्याकाळ्या शायांत पुष्कळदा लोहाचा क्षार आणि मायफळातलं टॅनिन असायचं. हवा लागली की अशी शाई काळी पडते आणि पाण्याला दाद देत नाही. दस्तऐवजांसाठी हा गुण सोन्यासारखा, पण पेनात सुकली तर तोच मुळावर येतो.

आता उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. निबेवरचं आवरण लाखेने बसवलेलं असतं, म्हणून केस वाळवायच्या यंत्राची ऊब थोडी थोडी द्यायची, पेन सतत फिरवत राहायचं आणि रबराच्या तुकड्यात धरून हलकेच वळवून बघायचं. हललं नाही तर आणखी ऊब. जोर अजिबात नाही. या कामातलं सगळं कसब मला त्या थांबण्यातच दिसतं. आवरण सुटलं. भिंगाखाली पाहिलं तर चकत्यांच्या फटी काळ्या खरपुडीने लिंपलेल्या.

साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने बरीच निघाली. उरलेलीसाठी क जीवनसत्त्वाची, म्हणजे अॅस्कॉर्बिक अॅसिडची, चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली. त्यात काळा थर फिकट होत होत सुटला. लोहाचा तो काळा रंग या आम्लापुढे टिकत नाही. धातूच्या भागांना आम्ल फार वेळ लागू द्यायचं नाही. लगेच साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. स्पिरिट मात्र या पेनाच्या जवळही आणू नये, अॅक्रिलिकला तडे जातात. शाईच्या पिशवीत उतरणारी हवेची बारीक नळीही रबरी फुग्याने पाणी मारून मोकळी केली.

जोडताना आवरणाचं टोक निबेच्या चिरेवर बरोबर मध्यावर आणलं, आट्यांना लाखेचं बोट लावलं आणि एक रात्र राहू दिलं. साधी धुऊन निघणारी निळी शाई भरली. पानभर लिहिलं, पाठपोट लिहिलं, धार तुटली नाही.

एक गोष्ट राहिली आहे. निबेचा दाणा आत्याच्या तिरक्या हाताने एका बाजूला झिजलाय. मी सरळ धरलं की किंचित खरखरतं. घासून सारखा करता येईल, पण तो मी घासणार नाही. मीच पेन जरा तिरकं धरायला लागलोय.