हरणांच्या दरीत आमचं मंडळ

तू बिश्वात जवळ आला की आमच्या मंडळाच्या बैठकीत दोन विषय ठरलेले असतात. मलिद्याचे पोहे कोण भिजवणार, आणि यंदा झाडं कुठे लावायची. पोह्यांचा प्रश्न लवकर सुटतो, कारण त्यासाठी तीन जणी आधीच भांडत असतात. झाडांचा मात्र लांबतो. रानात जावं तर चढ असतो, गुडघे ऐकत नाहीत. जवळच्या बागेत जावं तर तिथे जागा उरलेली नसते.

यंदा एका सभासदाच्या नातवाने भलतंच सुचवलं. म्हणाला, "झाडं लावायला कशाला जाता? उपटायला चला." सगळे हसले. झाडांच्या सणाला झाडं उपटायची? पण पोरगा विद्यापीठात निसर्गशास्त्र शिकतो, थट्टा करत नव्हता. येरुशलायिममध्ये 'एमेक हात्स्वाइम', म्हणजे हरणांची दरी, नावाचं निसर्ग उद्यान आहे. तिथे रानाला परत मूळच्या वळणावर आणायचं काम चालतं आणि त्यात हात लावायला माणसं लागतात, असं त्याने समजावून सांगितलं. मंडळाने ठराव केला. एकाने विरोध केला, तरी बसमध्ये पहिल्या सीटवर तोच बसला होता.

बालवाचकांसाठी थोडं सांगतो (वाचता येत नसेल तर आजीकडून वाचून घ्या). शेवात महिन्याची पंधरावी तारीख म्हणजे तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष. इथे त्या दिवशी शाळेची मुलं रोपं लावतात. आपल्या कोकणात मात्र त्याच दिवशी अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू हन्नाबीचा उरूस भरतो. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण आहे अशी आपली श्रद्धा. लोक तिथे जमतात, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून मलिदा करतात. तेव्हा या सणाला घराबाहेर पडायचं हे आपल्याला इस्राएलला येऊन शिकावं लागलं नाही.

आम्ही ३१ जण होतो. २२ मोठे, ९ मुलं. बस निघाली तेव्हा पाऊस होता, लात्रूनच्या पुढे उघडला. चढणीवर रस्त्याच्या कडेचे बदाम फुलले होते, पांढरे गुलाबी, पान एकही नाही. दरवर्षी बघतो तरी दरवर्षी बसमधले सगळे त्या बाजूला झुकतात.

येरुशलायिमच्या नैऋत्येला गिवात मोर्देखाय आणि कातामोन या वस्त्यांच्या मध्ये ही दरी आहे. एका बाजूला बेगिन रस्ता, दुसऱ्या बाजूला हर्त्झोग रस्ता, चहूकडे उंच इमारती. मध्ये सुमारे २६० दुनाम, म्हणजे ६४ एकर मोकळी जमीन. आपल्या डोक्यात उद्यान म्हटलं की हिरवळ, झोपाळे आणि कारंजं येतं. इथे तसं काही नाही. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, दगड जिथे होते तिथेच, मध्ये तळी आणि लव्हाळे. एक आजी उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "साफसफाई केलेली दिसत नाही." तिथली मार्गदर्शक मुलगी हसून म्हणाली, "आजी, हेच तर आम्ही एवढ्या कष्टाने जमवलंय."

मग तिने गोष्ट सांगितली. पूर्वी इथे किर्यात अनाविम आणि माआले हाखमिशा या दोन किबुत्झांच्या फळबागा होत्या. बागांमध्ये रानातली हरणं यायची, जायची. पुढे बेगिन रस्ता झाला आणि दरी डोंगरांपासून तुटली. हरणं आत अडकली. १९९० च्या दशकात इथे घरं बांधायची योजना पुढे आली. जमीन शहराच्या ऐन मध्यावर, घरांची टंचाई, म्हणजे किंमत किती असेल याचा विचार करा! पण आजूबाजूच्या वस्त्यांमधले रहिवासी उठले. त्यात शिक्षक होते, दुकानदार होते, घरी बसणाऱ्या आया होत्या. १९५३ पासून काम करणारी निसर्ग संरक्षण संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्यांनी नुसतं 'बांधू नका' म्हटलं नाही, तर बांधायचं नाही तर काय करायचं याचा आराखडाच पुढे ठेवला. आम्हाला ही हुशारी वाटली. आपल्या समाजाच्या सभांमध्ये पहिलं खूप होतं, दुसरं कमी.

वर्षं गेली. कागद इकडून तिकडे फिरत होते, आणि तेवढ्यात हरणं मरत होती. काही मोटारींखाली गेली, काही भटक्या कुत्र्यांनी मारली. एकेकाळी डझनावारी होती ती बोटांवर मोजण्याइतकी उरली. दरी वाचली तरी हरणांविना वाचते की काय अशी पाळी आली होती. शेवटी कुंपण झालं, तळी खोदली गेली, आणि २०१५ च्या मार्चमध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. देशातलं या प्रकारचं पहिलं शहरी निसर्ग उद्यान म्हणून त्याचं नाव घेतात. आत कुत्रा आणायला बंदी का, हे आता मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आमच्यातल्या मुंबईकरांना लगेच माहीमची आठवण झाली. धारावीच्या कडेला मिठी नदीच्या काठावर कचऱ्याचा डोंगर होता, लोकलमधून जाताना नाकाला रुमाल लावायचो. तिथे झाडं वाढवून ३७ एकरांचं निसर्ग उद्यान केलं, ते १९९४ साली उघडलं. तिथे रान नव्याने उभं केलं, इथे उरलेलं रान राखलं. अवघड काय, यावर दोन काकांचा वाद झाला तो परतीपर्यंत मिटला नव्हता.

आता कामाचं. ज्यांना वाकता येतं त्यांना झाडोरा उपटायला नेलं. येरुशलायिममध्ये जिथे तिथे, पडक्या घरांत, भिंतींच्या फटींत एक झाड उगवतं, त्याला 'आयलांता' म्हणतात. मूळचं चीनचं, शोभेसाठी आणलेलं. आपल्याकडच्या महारुखाचं हे भावंड, पानं बघितली तर कोकणातल्या माणसाला लगेच ओळख पटेल. याची खोडी अशी की वरून छाटलं तर मुळांतून दहा फुटवे येतात. म्हणून पावसाने माती मऊ असताना लहान रोप मुळासकट काढायचं. मुलांनी यात मजा केली. मूळ तुटलं की "फुस्स!" आणि अख्खं आलं की टाळ्या. एका नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या हाताहून लांब मूळ काढलं आणि ते घरी न्यायचा हट्ट धरला.

ज्यांना वाकता येत नव्हतं त्यांना तळ्याकाठी खुर्च्या आणि लांब चिमटे दिले. आजूबाजूच्या रस्त्यांवर पडलेलं पावसाचं पाणी उतारावरून या दरीत येतं, लव्हाळ्यांतून गाळलं जातं आणि तळ्यांत साठतं. पाण्याबरोबर रस्त्यावरचा कचराही येतो. गारिनिमच्या पिशव्या, स्ट्रॉ, बाटल्यांची झाकणं, एक लहान मुलाचा बूट. आमच्या खुर्चीवाल्या मंडळींनी दोन तासांत सात पोती भरली. नव्वदीकडे झुकलेले एक काका १९५०च्या दशकात आले तेव्हा डोंगरावर पाईनची रोपं लावायच्या रोजगारावर जात. ते म्हणाले, "तेव्हा खड्डे मोजून पैसे मिळायचे. आज फुकट, पण खुर्ची आहे." त्यांनी एकट्याने दीड पोतं भरलं.

चहाच्या वेळी मात्र जरा वेगळंच झालं. झाडावर किलबिल चालली होती. आमच्या एक मावशी कान टवकारून म्हणाल्या, "अगं, साळुंकी!" पाहिलं तर खरोखर साळुंकी. तपकिरी अंग, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळा पट्टा. पेणच्या आमच्या अंगणात याच असायच्या. सगळ्यांचे चेहरे फुलले. कोणीतरी तिला चपातीचा तुकडा टाकला.

मार्गदर्शक मुलीने तो तुकडा उचलला. नम्रपणे म्हणाली, इथे खायला घालू नका, आणि हिला तर मुळीच नको. हिब्रूतसुद्धा तिचं नाव 'मैना'च. पिंजऱ्यातला पक्षी म्हणून आणली, १९९० च्या दशकात तेल अवीवच्या यार्कोन उद्यानातून सुटली आणि आता देशभर पसरली. झाडाच्या ढोलीत घर करते आणि आधीच्या मालकाला हाकलते. 'दुखिफात', म्हणजे आपला हुदहुद, ज्याला २००८ साली राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं, तोही ढोलीतच अंडी घालतो. पोपटांचंही तेच. आपला हिरवा कंठवाला पोपट इथे 'द्रारा' म्हणून ओळखतात, तोही पिंजऱ्यातून सुटलेला. आणि एलातला आपला कावळा तर जहाजांवरून आला. या सगळ्यांना ती म्हणाली, 'मिन पोलेश', घुसखोर जात.

क्षणभर कोणी बोललं नाही. हिंदुस्थानातून आलेले तिन्ही पक्षी घुसखोर, आणि समोर हिंदुस्थानातून आलेले आम्ही २२ जण, हातात त्यांचाच चहा! आमच्यातल्या एकांनी विचारलं, "बाई, किती वर्षं राहिलं की हा पोलेश शब्द निघतो?" ते विचारताना हसत होते, पण अगदीच हसत नव्हते. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक याच शहरात धरणं धरून बसले होते, आपण पुरते यहुदी आहोत एवढंच मान्य करा म्हणून. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्यापैकी दोघं त्या बाकावर होते. मुलीला ते ठाऊक असायचं कारण नाही, तिच्या आईचाही जन्म तेव्हा झाला नसेल.

पण तिने प्रश्न टाळला नाही. म्हणाली, कोण कुठून आला हे आम्ही बघत नाही, येऊन दुसऱ्याचं घर मोडतो का ते बघतो. साब्राचं उदाहरण दिलं. इथे जन्मलेल्याला 'साब्रा' म्हणतात, आणि ते निवडुंग मूळचं मेक्सिकोकडचं! हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. इथेच जन्मलेली आमची नातवंडं साब्रा, म्हणजे मेक्सिकन, यावर मुलं खूप हसली. काहींचं समाधान झालं, काहींचं नाही. मावशी म्हणाल्या, "तिचं बरोबर असेल. पण पिंजऱ्यात घालून आणली कोणी? ती आपण होऊन आली का?" याला उत्तर मुलीकडेही नव्हतं, ती म्हणाली, "हे तुमचं अगदी खरं." आम्हाला विचाराल तर पक्ष्याच्या बाबतीत मुलीचं पटलं, शब्द मात्र टोचला. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

हरणं दिसली का, असं ज्यांनी बस सुटल्यापासून विचारलं त्यांच्यासाठी: हो, दिसली. साडेतीनच्या सुमाराला, उन्हं कलल्यावर. आधी एक, मग चार, मग उतारावर अख्खा कळप. शेळीपेक्षा सडपातळ, पाठ तपकिरी, पोट पांढरं, शेपटीचा काळा झुपका सारखा हलत असतो. नर मादी दोघांनाही शिंगं, मादीची बारीक. 'त्स्वी' म्हणतात तो हा. आपल्याकडे पुण्याच्या बाजूला सुप्याच्या माळावर चिंकारा असतो, त्याचा हा जवळचा नातेवाईक. जगात आता ही जात मुख्यतः इस्राएलमध्येच उरली आहे आणि ती धोक्यात आहे. मागे बेगिन रस्त्यावर गाड्यांची रांग, एक बस करकचून ब्रेक मारते, आणि पुढे ही चरताहेत, मान वर करून आमच्याकडे बघताहेत, परत चरताहेत. पाच मिनिटं नऊ मुलांपैकी एकही बोललं नाही. असा प्रसंग आमच्या मंडळाच्या इतिहासात नाही.

मलिदा बाहेर, बसजवळ वाटला, कारण आत पोह्याचा कण सांडला तर साळुंकीचं फावेल. हे मावशींनीच बजावलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी माहिती. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मुख्य वाट सपाट आहे, काठी घेऊन चालता येतं. हिवाळ्यात तळी भरलेली असतात, वसंतात हरणांची पाडसं दिसतात, भर उन्हाळ्यात दुपारी जाऊ नये. हरणं बघायची तर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. बंद बूट घाला, साडीवाल्यांनी पदर खोचून घ्यावा, काटे आहेत. मंडळाची पुढची फेरी पेसाखनंतर काढायचं ठरलं आहे. एका बसची जागा आहे, त्यातल्या नऊ जागा मुलांनी आधीच धरून ठेवल्या आहेत.