शाळेची निवड

मॉरिशसमध्ये माध्यमिक शिक्षण १९७७ साली विनामूल्य झाले आणि ‘फी कोठून आणावी?’ ही आईबापांची विवंचना मिटली. आता सहावीनंतर शाळांचा पसंतीक्रम ठरविताना पालक निकालांची चौकशी करतात, बसचा मार्ग पाहतात, शेजाऱ्यांच्या मुलांचा अनुभव विचारतात. हे सर्व योग्यच होय. परंतु ‘येथे मराठी शिकवितात काय?’ हा प्रश्न माझ्या कानी क्वचितच येतो. मराठी हा ऐच्छिक विषय. शिकू इच्छिणारेच नसतील, तर वर्ग कोणासाठी भरावा? उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ही भाषा घरात आणि बैठकांत जतन केली. आपणांस तर शाळेच्या दारी केवळ एक प्रश्न विचारावयाचा आहे.