नजर आणि नेम

फटका चुकला, की दोष नेहमी हाताच्या पदरात पडतो. 'हात जड आहे', 'चपळाई नाही', 'लक्ष नाही' असे निवाडे मैदानाच्या कडेला बसलेली मंडळी भराभर देऊन टाकतात. डोळ्यांची साक्ष मात्र कोणी काढीत नाही!

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सुगी आटोपली, की मोकळ्या शेतांत पोरांचे खेळ रंगतात. धाकटी विटीदांडू खेळतात, थोरली क्रिकेट. विटी टोकावर टिपून उडवायची आणि गरगरत खाली येण्यापूर्वी हवेतच टोलवायची, हे काम दिसते तेवढे सोपे नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला ते कधीच साधत नसे. दांडू नुसता वारा कापी. क्रिकेटच्या डावात तर त्याला कोणीच आपल्याकडे घेईना. तो बिचारा बांधावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळी.

फळ्यावरचे उतरवताना तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, हे माझ्या ध्यानात आले. विचारले, तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, "गुरुजी, फळा सगळ्यांना असाच पुसट दिसतो ना?"

मी चरकलो. ज्याने स्वच्छ जग कधी पाहिलेच नाही, त्याला आपले जग धूसर आहे हे कळावे कसे? डॉक्टरांनी डोळे तपासले. लांबचे दिसत नव्हते. चष्मा आला.

पण चष्मा म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. पहिले काही दिवस त्याची बॅट हवेतच फिरत राहिली. कारण दिसणे वेगळे आणि पाहणे वेगळे. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू 22 यार्डांचे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. एवढ्या वेळात डोळा त्याचा सतत पाठलाग करू शकत नाही. 2000 साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू हातातून सुटलेला पाहताच फलंदाजाची नजर, टप्पा जिथे पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते, आणि निष्णात फलंदाजाची सर्वांत लवकर, असे त्यांना आढळले. ही अटकळ सरावाने येते.

मन्सूर अली खान पतौडींचेच पाहा ना! 1961 साली मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. एकाच्या जागी दोन चेंडू दिसू लागले. तरी त्यांनी नव्याने पाहायला शिकून त्याच वर्षअखेर कसोटीत पदार्पण केले, आणि 1962 च्या जानेवारीत मद्रासला शतक ठोकले. पण आपल्या डोळ्यांना काय झाले आहे, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या पोरांना तेच ठाऊक नसते.

म्हणून या दिवाळीत एवढे करा. अंगणात मुलाला जवळ घ्या आणि समोरच्या घराच्या ओट्यावरच्या पणत्या मोजायला सांगा. त्याला वेगवेगळ्या ज्योती न दिसता प्रकाशाचा एकच सुंदर, पसरट गोळा दिसला, तर त्या सौंदर्यावर भुलू नका. फराळ आटोपला, की त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.